समोरच्या दारातला ठिपका

"दिसतोय का मी?" दाराबाहेरून विश्वजीतने विचारलं.

"दिसताय! डोकं भोपळ्याएवढं आणि पाय एवढेसे."

"आणि मागचं?"

दाराच्या आतल्या बाजूला नवा छोटा पडदा बसवला होता, त्यावर मी वाकून बघितलं. पूर्वी तिथे नुसतं मॅजिक आय होतं, एक डोळा मिटून बाहेर बघायचं काचेचं भोक. आता त्याच भोकात कॅमेरा बसला होता. त्यातून सगळं फुगून गोल दिसत होतं. विश्वजीत, त्याच्यामागे जिन्याचा कठडा, आणि पलीकडे उपाध्ये सरांच्या फ्लॅटचं बंद दार. कडीला कुलूप. कुलपाच्या वर त्या दाराचं मॅजिक आय, आतल्या उजेडाने चमकणारा एक ठिपका.

"सगळं दिसतंय. सरांचं कुलूपसुद्धा."

तेवढ्यात तो ठिपका विझला. आणि थोड्या वेळाने पुन्हा उजळला.

"अहो, सरांच्या घरी कोणी आलंय का?"

विश्वजीतने मागे वळून बघितलं. "बाहेरून कुलूप आहे, मंजिरी. आत कोण असणार?" मग आत येऊन तो स्क्रूड्रायव्हर, पिशव्या, खोका आवरायला लागला.

आम्ही तेव्हा मिरजेत राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या दोन्ही बाजूंना दोन दारं, आमचं आणि सरांचं. विश्वजीत औषधांच्या कंपनीत होता आणि महिन्यातले निम्मे दिवस कोकणात फिरतीवर असायचा. मी घरीच ब्लाउजवर आरीवर्कचं भरतकाम करायची. त्यामुळे अनोळखी बायका दारात यायच्या. त्यात पलीकडच्या गल्लीत गॅस तपासायच्या निमित्ताने दोघं घरात शिरले आणि एका बाईच्या हातातल्या पाटल्या काढून घेऊन गेले. तेव्हापासून विश्वजीतने कॅमेऱ्याचा ध्यास घेतला होता. "मी तिकडे असतो आणि माझा जीव इकडे टांगलेला असतो," तो म्हणायचा. मला ते आवडायचं. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती.

दारासमोर कोणी उभं राहिलं की पडदा आपोआप उजळायचा आणि तेवढं चित्रण आवाजासकट साठवलं जायचं. विश्वजीत फिरतीवर गेल्यावर मी दुपारी हात मोकळे झाले की बटणं दाबून ते बघत बसायची. आधी नुसती गंमत म्हणून. आपण कुलूप लावताना कशा दिसतो, पदर कसा खोचतो, पायऱ्या उतरताना मागून किती जाड वाटतो.

मग लक्षात आलं. मी दार ओढून घ्यायची, किल्ली फिरवायची, आणि माझ्या पाठीमागे समोरच्या दारातला ठिपका काळा असायचा. मी जिना उतरून दिसेनाशी झाले की तो हळूच उजळायचा. मी परत आले की पुन्हा काळा. एखादी बाई ब्लाउजचं माप द्यायला आली तर काळा. विश्वजीत सकाळी बॅग घेऊन निघाला तेव्हाचं मी पुन्हा पुन्हा बघितलं. तो मला काहीतरी बजावत होता, मी मान हलवत होते, आणि तो ठिपका पूर्ण वेळ काळा होता.

मी पडदा बंद केला आणि खाली उतरले.

खालच्या मजल्यावर बोरगावे वहिनी राहायच्या. इमारत बांधून झाली तेव्हापासूनच्या. मी त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, "सरांच्या घरी आता कोणीच नसतं ना?"

"कोण असणार? सर सांगलीला मोठ्या मुलाकडे. अधूनमधून येतात, तुळशीला पाणी घालतात, जातात. हल्ली जरा जास्त येतात बिचारे. करमत नसेल."

"आणि सरांच्या घरच्या बाई?"

"तुला ठाऊक नाही?" वहिनींनी निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली. "बाई त्या दारापाशीच गेल्या गं. सर शाळेतून यायच्या वेळेला त्या रोज त्या भोकाला डोळा लावून उभ्या राहायच्या. सर जिना चढताना दिसले की बेल वाजवायच्या आत दार उघडायच्या. त्या दिवशी सरांनी बेल वाजवली, पुन्हा वाजवली. शेवटी स्वतःच्या किल्लीने उघडलं, तर दार आत जाईना. बाई दाराला टेकून होत्या."

त्या दिवसापासून समोरच्या दाराकडे पाठ करून कुलूप लावणं मला जड जायला लागलं.

विश्वजीतला फोनवर सांगितलं तर तो हसला. "पाल बसत असेल काचेवर."

"पाल मी घराबाहेर पडले की येते आणि गेले की जाते?"

"तू दुपारची झोपत जा जरा," तो म्हणाला.

आणि एका दुपारी मी ठरवलं, बघायचंच. जिन्यात कोणी नव्हतं. खालून कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता. मी दार उघडं टाकलं आणि अनवाणी समोरच्या दारापाशी गेले. ठिपका उजळ होता. कडीला कुलूप होतं, आणि दाराच्या चौकटीवर होती तशी धूळ त्याच्यावर नव्हती. मी आणखी जवळ गेले. दोन्ही तळवे दारावर टेकले आणि डोळा भोकाला लावायला वाकले.

ठिपका काळा झाला.

माझा डोळा आणि ते काळेपण यांच्यामध्ये फक्त लाकडाची जाडी होती. तळव्यांखाली दार अगदी किंचित आत दबलं आणि परत आलं. पलीकडून कोणीतरी अंग टेकल्यासारखं.

"बाई?" माझ्या तोंडून निघालं. का निघालं ते मलाही कळलं नाही.

आतून काहीच आलं नाही. पण दाराच्या फटीतून वास आला. वरणाला दिलेल्या हिंगाच्या फोडणीचा.

मी घरात पळाले आणि कडी, साखळी, खिट्टी, जे जे होतं ते सगळं लावलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींना सांगावं असं मनात होतं. पण सांगणार काय? मेलेली बाई वरण करते म्हणून? मी भरतकामाची चौकट घेऊन खिडकीशी बसले. एका नवरीचा ब्लाउज होता, मोराचा पिसारा भरायचा राहिला होता. टाके वाकडे पडत होते.

दुपार कलली तेव्हा पडदा उजळला. बेल वाजली नव्हती. मी दारापाशी जाऊन बघितलं, तर एक माणूस आमच्या दाराकडे पाठ करून समोरच्या दारासमोर उभा होता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. त्याने त्या दाराला कान लावला. मग खाली वाकून कुलूप हातात घेतलं, अंगठ्याने पुसून बघितलं. मग वळला, आमच्या कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि बेल वाजवली.

मी साखळी तशीच ठेवून दार उघडलं.

"नमस्कार ताई. मी प्रीतम, उपाध्ये सरांचा जावई." आवाज इतका मऊ की ऐकायला थोडं पुढे व्हावं लागलं. "त्रिशला, म्हणजे माझी बायको, इथे येऊन गेली का?"

सरांना मुलगी आहे हे मला ठाऊक होतं, पण आम्ही राहायला येण्याआधीच तिचं लग्न झालं होतं. मी तिला कधी बघितलं नव्हतं. तसं मी सांगितलं.

"तिची तब्येत जरा बरी नसते. मनाची." त्याने नजर खाली वळवली. "रागाच्या भरात घरातून निघून गेली. सासरे काही सांगत नाहीत. चार लोकांत बोभाटा नको म्हणून एकटाच शोधत फिरतोय."

मला खरंच त्याची दया आली.

"तुमचा हा कॅमेरा आहे ना? यात समोरचं दार येत असेल."

"येतं की."

"मग मागचे काही दिवस बघू द्याल? आली असेल तर कळेल. निदान जीवाला घोर राहणार नाही."

माझा हात साखळीकडे गेला होता.

"तिला एक सवय आहे," तो कौतुकाने सांगावं तसं म्हणाला. "दारापाशी उभी राहते, भोकाला डोळा लावून. कामधाम सोडून. किती समजावलं. शेवटी मी आमच्या दाराचं भोक एम-सील लावून बुजवून टाकलं." तो हसला. "तरी उभी राहायची. बुजलेल्या भोकाला डोळा लावून."

माझा हात साखळीवरच थांबला. दाराआडच्या पडद्यावर त्याच्या खांद्यामागे समोरचं दार दिसत होतं. ठिपका काळा होता. एरवी तो लुकलुकायचा, आज जराही हलत नव्हता.

बाई मेलेल्या होत्या. वरण मेलेल्या बाईने केलं नव्हतं.

"हा साठवत नाही," मी म्हणाले.

"काय?"

"कॅमेरा. नुसतं समोरचं दाखवतो, साठवत नाही. स्वस्तातला आहे."

"असं?" तो माझ्याकडे बघत राहिला. "आत येऊन बघू का? मला कळतं थोडं यातलं."

"घरात पुरुषमाणूस नाही. तुम्ही नंतर या." म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

"बरोबर आहे. मग मी थांबतो." तो मागे सरकला आणि वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या पायरीवर बसला.

मी दार लावलं आणि वहिनींना फोन केला. "वहिनी, सर येताना दिसले तर खालीच थांबवा. आणि घरात कोण असेल त्याला वर पाठवा."

"का गं, काय झालं?"

"मागाहून सांगते. लवकर."

पडद्यावर तो बसलेला दिसत होता. तो बोलत होता. माझ्याशी नव्हे, समोरच्या दाराशी. मी दाराला कान लावला.

"त्रिशला, सीताफळं आणलीत तुझ्यासाठी. चांगली डोळे उघडलेली." त्याने पिशवी मांडीवर घेतली. "हात दुखतोय का गं अजून?"

तो पायरीवर थोडा पुढे सरकला.

"प्लास्टर काढायला मीच घेऊन जाईन. चल ना आता. किती दिवस बाबांना त्रास द्यायचा?"

मग तो पिशवीतली सीताफळं एकेक बाहेर काढून पायरीवर मांडायला लागला. अगदी सावकाश, एकही गडगडू नये अशी. पिशवी रिकामी झाली तेव्हा त्याने तळातून हातोडा काढला.

कुलपावरचा पहिला घाव सबंध जिन्यात घुमला. आतून आवाज आला नाही. मी असते तर किंचाळले असते. आतली ती किंचाळली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

मी साखळी काढली आणि बाहेर गेले.

"थांबा! काय चाललंय हे?"

"माझ्या सासऱ्यांचं घर आहे ताई. तुम्ही आत जा."

"कॅमेऱ्यात सगळं येतंय तुमचं." माझा आवाज फाटला होता. "तुमचं बोलणंसुद्धा. आणि थेट माझ्या नवऱ्याच्या मोबाइलवर जातंय. ते बघत असतील आत्ता!"

त्याने हातोडा खाली घेतला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.

"मघाशी तर म्हणालात, साठवत नाही."

मी एक पाऊल मागे, आमच्या दारात आले.

"म्हणजे साठवतो." तो दोन पावलं माझ्याकडे आला. "मग ताई, तो कॅमेराच द्या मला. नवा घेऊन देतो."

मी दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिले. तिथून हललं तर हा आत जाणार एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात खालून वहिनींचा आवाज आला, अख्ख्या इमारतीला जाग यावी असा. "कोण रे तो? कोण ठोकतोय?" त्यांच्यामागे त्यांचा थोरला दीर, आणि खालच्या दुकानातले दोघे.

प्रीतमने हातोडा पिशवीत टाकला. "गैरसमज झाला काहीतरी," तो सगळ्यांना म्हणाला. त्याने चक्क हात जोडले. जिना उतरताना एकदाच वळला, समोरच्या दाराकडे बघत म्हणाला, "गोळ्या वेळेवर घे हं."

सीताफळं पायरीवर तशीच राहिली.

सर आले ते दम लागलेले. तोपर्यंत वहिनींनी त्यांना आपल्या घरात बसवून ठेवलं होतं. त्यांच्या हातात डबा होता, तो त्यांनी माझ्याकडे दिला आणि किल्ली काढली. कुलूप चेपलं होतं. किल्ली फिरेना. वहिनींच्या दिरांनी बाजूने ठोकून ठोकून ते सोडवलं.

त्रिशला दारापाशीच उभी होती. बारीक, सावळी, गळ्यात अडकवलेल्या फडक्यात प्लास्टरमधला उजवा हात. ती रडत नव्हती. उंबऱ्याबाहेर पाय ठेवताना तिने सरांकडे बघितलं. "ये," सर म्हणाले, तेव्हा ती आली.

ती दोघं आमच्याकडे बसली. सर तळवे चोळत सांगत होते. "दोनदा परत पाठवली मी हिला. दोनदा तो गोड बोलून घेऊन गेला, आणि मीच हिला म्हणालो, जा. तिसऱ्यांदा हात मोडून आली. मोठा म्हणतो, नवराबायकोत असं होतंच, नेऊन सोडा. म्हणून त्यालाही सांगितलं नाही. सोलापूरला हिची मैत्रीण आहे, तिथे शिकवण्यांचं काम मिळतंय. प्लास्टर निघेपर्यंत इथे ठेवू म्हटलं. बाहेरून कुलूप असलं की कोणाला शंका येणार नाही."

"आता प्लास्टरची वाट बघायची नाही," वहिनी म्हणाल्या. "भाच्याची गाडी बोलावते. आत्ताच निघा."

त्या खाली गेल्या. सर तिचे कपडे भरायला समोर गेले. मी चहा ठेवला. त्रिशला डाव्या हाताने कप धरून बसली होती.

"मला वाटायचं, तुझी आईच आहे आत," मी म्हणाले. "घाबरून गेले होते मी. तू तो येईल म्हणून सारखी बघायचीस ना?"

"आधी त्याच्यासाठीच बघायचे." पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकत होते. "मग तुमच्यासाठी बघायला लागले."

"माझ्यासाठी?"

"तुमच्या नवऱ्यांनी कॅमेरा लावला त्या दिवशी मला वाटलं, तुमच्याकडेही तसंच आहे." ती कपाकडे बघून बोलत होती. "ते निघताना तुम्हाला काहीतरी बजावत असतात, तुम्ही मान हलवता. तुम्ही बाहेरून आलात की कुलूप उघडायच्या आधीच तुमचा फोन वाजतो. रोज. मी बाबांना म्हणायचे, समोरच्या ताईंना एकदा विचारा, बऱ्या आहात का."

मला हसू आलं. अगदी मोकळं, त्या दिवसातलं पहिलंच. "छे गं! काळजी करतात ते. स्वभावच तसा आहे त्यांचा. तसले नाहीत ते."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तीही थोडी हसली.

दिवेलागणीला गाडी आली. जाताना तिने माझ्या खांद्यावर डावा हात ठेवला. कॅमेऱ्यातलं चित्रण वहिनींच्या दिरांनी उतरवून घेतलं. पुढे तक्रारीत तेच उपयोगी पडलं. त्याने स्वतःच्याच तोंडाने बरंच सांगून ठेवलं होतं. त्रिशला सोलापूरला राहिली. सुटायला तिला काही वर्षं लागली, पण सुटली.

गाडी गेल्यावर मी वर आले, दार लावलं आणि जमिनीवरच बसले. फोन वाजला. विश्वजीत.

"गेली का ती?" त्याने विचारलं.

"हो, आत्ताच." मी बोलून गेले आणि मग थांबले. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

पलीकडे एसटी स्टँडचा गलका ऐकू येत होता.

"अहो, कसं कळलं तुम्हाला?"

"मोबाइलवर दिसतं मला," तो म्हणाला. "बसवला त्याच दिवशी जोडून घेतला होता. तुला कशाला सांगायचं, उगीच अवघडून वागली असतीस."

भाजी आणायला गेलेलं, न सांगता भावाशी बोलायला गच्चीवर गेलेलं, मापाला आलेल्या बाईला सोडायला खालपर्यंत गेलेलं, प्रत्येक वेळी कुलपात किल्ली घालताना वाजलेला फोन मला आठवत गेला. "आलीस का?" एवढंच विचारायचा तो. मला वाटायचं, याला किती बरोबर कळतं.

"म्हणजे दुपारचं सगळं बघितलं तुम्ही?"

"सगळं."

"तो हातोडा घेऊन माझ्या अंगावर येत होता. मग फोन का नाही केलात? वहिनींना तरी करायचा. कोणालाही."

"बघत होतो," विश्वजीत म्हणाला, नेहमीच्याच काळजीच्या आवाजात, "तू काय करतेस ते. साखळी काढायला नको होतीस, मंजिरी."

मी फोन ठेवला.

तो शनिवारी यायचा होता. मी शुक्रवारी सकाळी भावाला कोल्हापूरला कळवलं, नवरीचा ब्लाउज पुरा करून वहिनींकडे ठेवला आणि एका बॅगेत बसले तेवढे कपडे भरले. कॅमेरा काढावा असं आधी वाटलं होतं. मग म्हटलं, राहू दे. दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, किल्ली दाराखालून आत सरकवली आणि बॅग उचलली.

दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा फोन वाजायला लागला. मी रस्त्यावर येऊन रिक्षात बसले तरी तो वाजतच होता.